मोनाची गव्हाण

पुराचं पाणी गोठ्यात कमरेएवढं झालं तेव्हा आमच्या सासूनं विळा घेतला आणि म्हशीचं दावं कापलं.

म्हशीचं नाव मोना. सासऱ्यांनी कुठल्याशा टेम्पोच्या मागं वाचून ठेवलेलं. पुढं सासरे गेले, नाव राहिलं. काळीभोर अंग, डावं शिंग जरा खाली वाकलेलं, आणि सासूची इतकी वेडी की तिनं परड्यातनं जिभेनं टाळूला नुसतं टक टक केलं तरी उसातनं उठून यायची. माझ्या हाकेला ढुंकून बघायची नाही. माझं आणि तिचं जेवढ्यास तेवढं.

त्या दिवशी पाऊस थांबला होता. ऊनसुद्धा पडलं होतं जरासं, आणि तरी पाणी चढतच होतं. आमची पंचगंगा धावत येत नाही. आवाज न करता येते, सरीतनं, गटारीतनं, न्हाणीच्या मोरीतनं वर येते, आणि बघता बघता चुलीपुढं येऊन बसते. जनावरं न्यायला ट्रॅक्टर आला होता, पण आमची पाळी येईतोवर रस्ताच पाण्याखाली गेला. माणसांना होडी आली. होडीत म्हस कुठं बसवायची?

"आत्ती, चला की आता!" मी होडीतनं बोंबलत होते. माझा नवरा धैर्यशील आईचा दंड धरून ओढत होता. ती हलेना. मोनाच्या कपाळावर हात ठेवून पाण्यात उभी. मग विळा चालवला.

"जा बाई," म्हणाली. "वाडीच्या म्हाराजा, ही तुझ्या हवाली. आता ही माझी न्हवं, तुझी हाय."

मोना दोन पावलं चालली, मग तिचे पाय सुटले आणि ती पोहायला लागली. वर नुसतं डोकं, ते वाकडं शिंग आणि फेंदारलेल्या नाकपुड्या. पिवळ्या उन्हात जिकडं बघावं तिकडं पाणी, उसाचे शेंडे तेवढे वर, आणि त्या शेंड्यांमधनं ती नृसिंहवाडीच्या, दत्ताच्या देवळाच्या दिशेनं सावकाश चाललेली. पाच महिन्यांची गाभण होती. खोटं कशाला बोलू, ती दिसेनाशी होईतोवर मी मान वळवली नाही.

पाणी उतरलं. बऱ्याच जणांची म्हसरं आपापली परत आली, कुणाची गेली ती गेलीच. मोना आली नाही. घराची मागची भिंत बसली होती. नदीकडंचा ऊस कुजून त्याचा वास जेवणात सुद्धा यायचा. आमचं घर चालायचं ते मोनाच्या दुधावर, आणि पुराच्या आधी तिच्या पोटातल्या रेडकावर आम्ही सगळे डोळे लावून बसलेलो. मी लोकांच्या शेतात तण काढायला, भांगलणीला जायला लागले. चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, रात्री हळद-तेल लावलं की जीव जायचा.

आणि आमच्या सासूबाई चिमणाबाई काय करत होत्या? तर गोठा झाडत होत्या. गाळ खरवडून काढला, गव्हाण धुतली, आणि रोज सकाळी त्या रिकाम्या गव्हाणीत वैरण टाकायला लागल्या. कापलेल्या दाव्याचा तुकडा खुंट्याला तसाच.

"कुणासाठी टाकताय हो आत्ती?"

"ती आली तर?"

"आल्यावर टाकू की!"

"पावणं दारात आल्यावर पीठ दळायला जातीस व्हय गं तू?"

संध्याकाळी सासूच सुकलेली वैरण काढायची आणि शेजारच्या मेहमुदाभाभीच्या शेरडांना घालायची. मेहमुदाभाभी तोंडाची लई चालू. म्हणायची, "चाची, तुमची म्हस येऊ नये म्हणून माझी शेरडं दुवा मागत्यात बघा." सासू पण हसायची. सगळी गल्ली हसायची. मला मात्र तिडीक जायची डोक्यात. वैरण काय आभाळातनं पडत होती? बांधाबांधानं वाकून मी कापून आणत होते.

एकदा भाकरी थापता थापता सासू मला म्हणाली, "सपान पडलं गं क्रांती. वाडीचं देऊळ पाण्यात गेलंया. आत समई तशीच जळतीया पाण्याखाली, मासं फिरत्यात भवतीनं. अन् मोना पायरीवर हुबी. अंग कोरडं. रवंथ करतीया."

"मग? देवानं काय सांगितलं?"

"काय सांगनार? त्यो तिच्या पाठीवरनं हात फिरवत हुता. कामात हुता."

हे ती अशा थाटात म्हणाली की जणू वाडीला फोन लावून विचारून घेतलंय. मी तव्यावरची भाकरी उलटली. पण मला ते पाण्याखालचं देऊळ पुढं कितीतरी दिवस दिसत होतं. भांगलताना डोळ्यांपुढं यायचं, हात थांबायचा आणि मुकादमीण ओरडायची.

पौर्णिमेला आम्ही दोघी वाडीला गेलो. दर्शन झालं, प्रसाद झाला, येताना एसटीत मला डुलकी लागली होती. अचानक सासूनं मांडीवर चापट मारली. "उतर."

"आत्ती, आपलं गाव कुठं आलंय?"

"उतर म्हंते न्हवं!"

रस्त्याच्या कडेला नवा पत्र्याचा गोठा. बाहेर लिंबाखाली चार म्हशी आणि त्यांत मोना. वाकडं शिंग, तेच कपाळ. कान मात्र फाटलेला, सरकारी नंबराचा बिल्ला होता तिथंच चिरलेला. सासूला बघून ती अशी वळली की दावं ताणून काडी झालं.

गोठ्याचा मालक विजयसिंह. अंगानं आडवा, पांढरा शर्ट, दारात बुलेट, भोवती दोघंतिघं हुजरेगिरी करणारे. मी सरळ सांगितलं, "पावणं, ही म्हस आमची हाय. पुरात सुटलेली."

"मुरगूडच्या बाजारातनं आणलीया मी. तुमची कशावरनं? बिल्ला कुठाय?"

"कान फाटलाय की. पुरात कशात तरी अडकून गेला आसंल."

"आसंल!" त्यानं हुजऱ्यांकडं बघितलं. "उद्या ह्या बुलेटीवर हात ठेवून म्हणशीला, आमची हाय, पुरात व्हाऊन आली."

सगळे खिदळले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. तेवढ्यात घरातनं त्याची आई पाणी घेऊन आली. बनाबाई. सासूच्याच वयाची, तशीच वाळकी, तसंच कुंकवाशिवायचं कपाळ. तिनं तांब्या पुढं केला, सासूकडं बघितलं, मग ताणलेल्या दाव्याकडं बघितलं. आणि मान खाली घातली.

सासू पाणी प्याली. तांब्या परत देत विजयसिंहाला म्हणाली, "जरा हात लावू का तिला?"

"न्हाय लावायचा."

"बरं." पदर सारखा केला. "गाभण हाय. पेंड जास्त घालू नगा, पोट फुगतंय तिचं." आणि चालायला लागली. मागं मोना ओरडत होती. मी सासूच्या मागनं जवळजवळ पळत होते आणि रडत होते, रागानं.

घरी धैर्यशील ऐकून पेटलाच. "चार पोरं घेतो, पिकअप घेतो. उजाडायच्या आत म्हस दावणीला आणतो का न्हाय बघ."

"आणायची न्हाय," सासू म्हणाली.

"आई, आपली वस्तू आणायची हाय!"

"आपली न्हवं ती. दावं कापताना म्या काय बोलले? दोघांनी बी ऐकलंय. पाणी चढलं तवा देवाच्या हवाली केली, अन् पाणी उतरलं की हातातनं हिसकावून घ्यायची व्हय? दिली ती दिली. द्यायची तर त्यो आणून दील. न्हायतर ठिवंल."

"देवाला म्हशी राखायचं काम हाय व्हय?" मी बोलून गेले.

"एवढ्या पाण्यातनं कुणी राखली मग? तू?"

धैर्यशील उठला तसा तिनं त्याचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "हात लावणार न्हाय म्हण तिच्या दाव्याला. माझ्या गळ्याची आण." त्यानं हात सोडवून घेतला, "न्हाय लावत" म्हणाला आणि बाहेर जाऊन उकिरड्याला लाथ घातली. ठाण्यात जाऊन आला, तिथंही बिल्लाच विचारला. मग तेही संपलं.

ते दिवस मला आता झोपेतल्यासारखे आठवतात. पुरानंतर हवा तशीच असते, दमट, जड, लांबचं जवळ वाटायला लावणारी. सकाळी सासू गव्हाणीत वैरण टाकायची आणि खुंट्यापाशी बसून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं ही देवाशी भांडत असेल. एकदा कान देऊन ऐकलं. मोनाला कुठल्या महिन्यात काय चारायचं, ते ती देवाला सांगत होती.

दिवाळी आली. पाडव्याला आमच्याकडं म्हशींचा सण. तेल लावून अंग चमकवायचं, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या, डोक्यावर मोरपिसं. मालक गाडीचा सायलेन्सर काढून पुढं आणि म्हस त्याच्या हाकेवर मागं. दावं नाही, काठी नाही. ज्याची म्हस त्याच्या मागं, आणि सगळं गाव बघायला.

माझं माहेर गडमुडशिंगी. धैर्यशीलला कुठनं तरी कळलं की विजयसिंह यंदा तिथल्या माळावर मोनाला आणणार. दुसऱ्या कुणी असली म्हस झाकून ठेवली असती. पण दारात अशी देखणी म्हस असताना पाडव्याला घरी बसणं आमच्या कोल्हापूरच्या माणसाला जमत नाही. विजयसिंहाला तर मुळीच नाही. धैर्यशीलनं आईला काही सांगितलं नाही. "चल, क्रांतीच्या माहेरी जाऊ, सणाचं" एवढंच.

माळावर ही गर्दी. धूळ, गुलाल, गाड्यांचे फाडफाड आवाज, आणि उतरत्या उन्हात मोरपिसं लावलेल्या म्हशी त्या धुळीतनं अशा तरंगत यायच्या की त्यांचे पाय जमिनीला लागतात का नाही कळू नये. मी लहानपणापासनं बघते, तरी दरवेळी अंगावर काटा येतो.

मग विजयसिंहाचा टेम्पो आला. मागनं त्याची आई उतरली, हातात ओवाळणीचं ताट. आणि मोना. शिंगं लाल, गोंडे, कपाळावर आरसा. पोट चांगलंच सुटलेलं.

सासूनं बघितलं. मग मुलाकडं बघितलं. "ह्याच्यासाठी आणलास व्हय?"

"हात लावायचा न्हाय म्हणालीस, न्हाय लावत," धैर्यशील तिच्या कानाशी बोलत होता. "तू बी लावू नगो. हाक मार फकस्त. टक टक कर. ती येतीया तुझ्याकडं. एवढ्या लोकांच्या म्होरं आली की कोण बोलतंय बघू! आई, एकदा. तुझ्या पाया पडतो."

विजयसिंहानं बुलेट सुरू केली. पुढं गेला, शीळ घातली. मोना उभी. परत आला, फाडफाड करत फिरला, "हीऽऽ चल!" ओरडला. मोना उभी. लोक हसायला लागले. "पावणं, म्हस रुसली काय?" "नवीन लगीन झालंय वाटतं!" माळभर शिट्ट्या. मोना मान वर करून वारा हुंगत होती. तिला वास लागला असणार. ती गर्दीत शोधत होती.

"आत्ती," मी पण म्हणाले, "मारा की हाक." मलाही राहवलं नाही. एक टक टक, बस्स. भिंत उभी राहिली असती, दूध सुरू झालं असतं, माझे पाय चिखलातनं सुटले असते.

सासूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. दातांत धरून ठेवला होता. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ती मान हलवत होती, नाही, नाही.

विजयसिंह बुलेटवरनं उतरला. तोंड लाल झालेलं. कुणाच्या तरी हातातली काठी ओढून घेतली आणि मोनाच्या पाठीत घातली. एक. दुसरी पोटाच्या बाजूला.

सासू कधी सुटली मला कळलं नाही. बघते तर ती माळाच्या मधोमध, काठीच्या आणि म्हशीच्या मध्ये. चपला मागंच राहिल्या होत्या. ती ओरडली नाही. मोनाच्या कपाळावर हात ठेवला, जसा पाण्यात ठेवला होता. मोनानं डोकं तिच्या पोटाला लावलं आणि असा आवाज काढला की गर्दी हळूहळू गप्प झाली. गाड्या बंद झाल्या. कुणाला काही विचारायची गरजच राहिली नाही.

"आता घिऊन ये," धैर्यशील पुटपुटला. "ये आई, ये इकडं."

सासू चालायला लागली. मोना तिच्या मागं, दाव्याशिवाय, पावलावर पाऊल. आमच्याकडं नाही. ती टेम्पोकडं गेली. फळीवरनं मोनाला वर चढवलं, पाठीवरचा वळ चोळला, दावं घेऊन विजयसिंहाच्या हातात दिलं.

"मारू नगा, पावणं," म्हणाली. "आठवा महिना लागलाय. रागात कायबी हुईल."

बनाबाईच्या हातातल्या ताटातला दिवा कधीच विझला होता. ती तशीच ताट धरून उभी.

धैर्यशील माळावर मटकन खाली बसला. त्या क्षणी मला सासूचा इतका राग आला की तिचं तोंड बघवेना. हातात आलेली म्हस स्वतः चढवून दिली! परतीच्या वाटेवर मी तिला म्हणाले सुद्धा, "तुमचा देव आणि तुम्ही, दोघं मिळून आम्हाला उपाशी मारा."

"तुला भूक लागलीया काय?" एवढंच विचारलं तिनं, आणि पिशवीतनं करंजी काढून दिली.

त्यानंतर सासू अंथरुणाला लागली. ताप नव्हता फारसा, पण उठवत नव्हतं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायची. धैर्यशील तिच्याशी बोलत नव्हता. मी बोलत होते, पण तुटक. गव्हाण रिकामी पडली. मेहमुदाभाभीची शेरडं येऊन कुंपणाशी उभी राहायची आणि परत जायची. मेहमुदाभाभीनं एकदासुद्धा चेष्टा केली नाही, उलट कालवणाची वाटी ठेवून गेली.

एका पहाटे मी उठले तर बाहेर धुकं. उसाला तुरे आलेले, तेवढेच वर दिसत होते, बाकी सगळं पांढरं. मला एकदम पूर आठवला, तसंच सगळं बुडालेलं, तसंच गप्प. लांब कुठंतरी ऊसतोड सुरू झाली होती, कोयत्यांचा आवाज यायचा. मी शेण काढायला म्हणून गोठ्यात गेले. शेण कुठलं? मग तिथं उभं राहून काय करू? कोपऱ्यात आदल्या दिवशी सवयीनं आणून टाकलेली वैरण होती, उसाच्या ओल्या शेंड्यांची, वाड्याची पेंढी. ती सोडली, झटकली आणि गव्हाणीत पसरली. का, ते मला विचारू नका. रिकामी बघवत नव्हती.

चूल पेटवली, पाणी ठेवलं. चहा उकळत होता तेव्हा घुंगरं वाजली.

दारात गेले. धुक्यातनं आधी एक वाकडं शिंग आलं, लाल रंग अजून थोडा राहिलेला. मग सगळी मोना. आणि तिच्याबरोबर, एका हातात दावं, दुसऱ्या हातात काठी टेकत, बनाबाई. लुगडं गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेलं, तळपाय चिखलानं भरलेले. तीन गावं चालत आली होती बाई. रातभर, थांबत थांबत, म्हशीला बसवत.

"चिमणाबाईंचं घर न्हवं हे?" तिनं विचारलं, जशी पहिल्यांदाच कुणाची ओळख काढत होती. नाव माळावर कुणाला तरी विचारून घेतलं असणार.

"व्हय," मी म्हणाले. "पर तुमचा ल्योक..."

"त्यो काल सांजच्याला गाडी धूत हुता दारात. म्या दावं सोडलं. ने म्हणाला न्हाय, नगो बी म्हणाला न्हाय. तोंड फिरवून धूतच बसला." तिला धाप लागली होती. "पाडव्यापासनं त्या गोठ्यात जाववंना गं मला. तुझ्या सासूनं शिव्या दिल्या असत्या तर पचल्या असत्या. दावं हातात दिलं बघ तिनं."

धैर्यशील माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. पुढं झाला, हात उचलला, आणि तसाच थांबला. आण आठवली असणार. मोना दारातच उभी, पुढं येईना, कान टवकारून.

आतनं आवाज आला. टक टक. टक टक. सासू अंथरुणावर उठून बसली होती, उंबऱ्याकडं बघत, आणि जीभ टाळूला लावत होती. ओठ कोरडे, आवाज नीट निघत नव्हता.

बनाबाईनं दावं सोडून दिलं. मोना अंगणातनं गेली, तुळशीला वळसा घालून, कुणाकडं न बघता सरळ गोठ्यात. सासू भिंतीला धरत धरत तिच्या मागं. मी तिला आधार द्यायला गेले. मोनानं खुंटा हुंगला, कापलेला तुकडा हुंगला, मग गव्हाणीत तोंड घातलं आणि कराकरा खायला लागली.

सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. वळ होता तिथं. मग खाली गव्हाणीत बघितलं, हिरव्यागार वाड्याकडं.

"ही कुणी टाकली गं?"

"म्या."

"कवा?"

"मगाशी. उठल्या उठल्या."

"म्हंजे ती यायच्या आदी?"

माझे डोळे भरून आले होते, ते तिला दिसू नयेत म्हणून मी बादली उचलली आणि म्हशीला पाणी आणायला गेले.